उजव्या पायाचा बूट

मी आयुष्यात एकाच माणसावर पातं चालवलं. एरवी गेली सव्वीस वर्षं मेणावरच चालवते.

आमच्या लॅबमध्ये बायकांच्या पिशवीचे, अंडाशयाचे, गर्भमुखाचे कॅन्सर तपासतात. म्हणजे बायका येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात. तुकडा मेणात बसवून त्याचा पोस्टाच्या तिकिटाएवढा ठोकळा करायचा, त्याला ब्लॉक म्हणतात. तो बर्फावर गार करायचा, यंत्रात लावायचा आणि त्याचे काप काढायचे, इतके पातळ की जवळ शिंकलं तरी उडून जातील. मग ते काचेवर घेऊन रंगवायचे. हे काम माझं. लॅबमध्ये मला सुरीबाई म्हणतात. पात्यामुळे म्हणतात असं मी बरीच वर्षं समजत होते. मामांनी एकदा सांगितलं, पात्यामुळे नाही, तोंडामुळे.

मामा आमचे अटेंडंट, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. आणि सर, म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारे, मुंगीलासुद्धा "अहो" म्हणणारे. एवढीच आमची फौज.

त्या वेळी आमच्याकडे एका शिलाईवाल्या मावशींचा ब्लॉक होता. पासष्टीच्या, हृदय अर्धमेलं, जिना चढल्या की दोनदा थांबायच्या. पिशवीत गाठ होती. आधी पिशवी खरवडून तुकडा काढला, नंतर ऑपरेशन करून पिशवीच काढली. काढलेल्या पिशवीत शोधशोध शोधलं तर गाठ नाहीच. होती नव्हती ती सगळी पहिल्या खरवडण्यातच निघून आली होती. चांगली गोष्ट. फक्त त्यामुळे त्यांच्या गाठीचा अख्ख्या जगात एकच ब्लॉक होता, आणि तोही बोटाच्या नखाएवढ्या तुकड्याचा.

आता सर्जनना एवढंच हवं होतं, की ही गाठ पुढे कशी वागणार? परत येणारी आहे की गेली ती गेली? वाईट जातीची असेल तर केमो देणं भाग होतं, आणि ती केमो मावशींच्या हृदयाला झेपेल याची कुणीच हमी देत नव्हतं. चांगल्या जातीची असेल तर काहीच द्यायचं नाही, घरी जा, मशीन चालवा. एका बाईचं जगणं-मरणं आमच्या काचेवर येऊन थांबलं होतं.

जात कशी कळते ते सांगते, नाहीतर पुढचं घोडं पेंड खाईल. पी-फिफ्टीथ्री नावाचं एक प्रथिन असतं. त्याचा रंग लावला की चांगल्या जातीत काही पेशी गडद तपकिरी होतात, काही फिक्या, काही कोऱ्या, ब्रश झटकल्यावर भिंतीवर शिंतोडे उडावेत तशा. वाईट जातीत एकतर सगळं काळंकुट्ट होतं, नाहीतर सगळंच्या सगळं कोरं. आणि हे कोरं फार फसवं. नवखा माणूस कोरी काच बघतो आणि म्हणतो, वा, काहीच नाही! अरे बाबा, काहीच नाही हेच तर वाईट.

पण काच आणखी एका कारणाने कोरी राहते, ते म्हणजे रंगवताना आम्ही माती खाल्ली तर. ते ओळखता यावं म्हणून प्रत्येक काचेच्या टोकाला आम्ही दुसऱ्याच कुणाच्या चांगल्या टॉन्सिलचा एक कण लावून ठेवतो. त्याला आम्ही साक्षीदार म्हणतो. साक्षीदार रंगला तर काच खरं बोलतेय. साक्षीदारच कोरा निघाला तर काच कचऱ्यात.

मावशींची पहिली काच आली, सगळी कोरी. साक्षीदारही कोरा. रंगाआधी काचा प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात, त्या कुकरची रिंग सैल झाली होती आणि वाफ धरत नव्हती. ठीक आहे, होतं. रिंग बदलली, ब्लॉकचे नवे काप काढले. दुसरी काच आली, तीही कोरी, साक्षीदारासकट. या वेळी कुकरचा दोष नव्हता. रंगाची बाटली शुक्रवारी संध्याकाळी मी फ्रीजबाहेर विसरले होते. सोमवारी येऊन बघितलं तर टेबलावर तशीच. मी गुपचूप परत आत ठेवली आणि तीच वापरली. सरांना म्हणाले, कंपनीने बाटलीच खराब पाठवली. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

प्रत्येक वेळी ब्लॉक झिजतो, हेही सांगायला हवं. नखाएवढा तुकडा होता तो आता अर्ध्या नखावर आला होता.

मावशींचा मुलगा वेल्डर. दार-खिडक्यांच्या जाळ्या करायचा. दिसायला रेड्यासारखा आडवा, हातावर भाजल्याचे पांढरे डाग. चार वेळा काउंटरवर येऊन गेला होता आणि चारही वेळा नीट बोलला होता. पाचव्यांदा गुरुवारी आला, सकाळी अकराच्या सुमाराला. मी नुकताच मावशींचा ब्लॉक तिसऱ्यांदा बर्फावर ठेवला होता. ट्रेमध्ये दोनच ब्लॉक होते, एक मावशींचा आणि एक दुसऱ्या पेशंटचा, बसवर कंडक्टर असलेल्या एका बाईंचा.

"ताई, पाचवा आठवडा लागला," तो म्हणाला. "आईला औषध द्यायचं की नाही द्यायचं? डॉक्टर म्हणतात रिपोर्ट आणा, तुम्ही म्हणता नंतर या. मी कुणाच्या दारात जाऊ?"

"मशीन बिघडलंय. पुढच्या आठवड्यात या."

"मागच्या वेळी पण मशीनच बिघडलं होतं."

"मग मशीनलाच जाऊन विचारा."

"ताई, जरा नीट बोला. आई आहे माझी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. ती बाटली माझ्या छातीवर बसली होती, आणि अशी चूक मनात असली की माझी जीभ आणखी धारदार होते. मी म्हणाले, "एवढी आईची काळजी होती तर वेळेवर आणायची होती! दीड वर्ष रक्त जात होतं म्हातारीचं, फाइलमध्ये लिहिलंय. तेव्हा काय झोपला होतात?"

त्याचा चेहरा एकदम रिकामा झाला. तो वळला आणि निघून गेला. मी मामांना म्हणाले, "बघा, असं सुनावलं की येतात वठणीवर."

वीस मिनिटांनी तो जॅकचा दांडा घेऊन आला.

काउंटरची काच फुटली तो आवाज मला अजून कानात येतो. नंतरचं सगळं फार भराभर झालं, पण मला एकेक गोष्ट आठवते. मामा दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले. "अहो, इथे लोकांचे नमुने आहेत, बाहेर चला, आपण बोलू." त्याने मामांच्या पोटात लाथ घातली. मामा दुमडले आणि बादलीवर पडले. सर आतून धावत आले, चष्मा कपाळावर, आणि त्यांनी वेड्यासारखा दांडा हवेत धरायचा प्रयत्न केला. दांडा त्यांच्या मनगटावर बसला. वाळकी फांदी मोडते तसा आवाज आला. सर ओरडलेच नाहीत. आपला लोंबणारा हात दुसऱ्या हाताने धरून खाली बसले आणि मला म्हणाले, "ब्लॉक. बाई, ब्लॉक सांभाळा."

तो बोलत होता की रडत होता कळत नव्हतं. "झोपलो होतो? मी झोपलो होतो? तिने मला सांगितलं नाही! दीड वर्ष तिने लपवलं! मला काय माहीत?" आणि प्रत्येक वाक्याला एक दणका. रंगाच्या बाटल्या गेल्या. सूक्ष्मदर्शक गेला. मी मध्ये पडले तर त्याने माझे केस मुठीत धरले आणि मला टेबलावर आपटलं. बरगडीतून कळ गेली ती डोक्यापर्यंत. मुठीत केस राहिले आणि मी सुटले. मग त्याने बर्फाचा ट्रे उचलून जमिनीवर आदळला आणि त्यावर नाचला. हो, नाचलाच. बुटाने बर्फ ठेचत होता, टाचेने, चवड्याने, तोंडाने "मशीन! मशीन! मशीन!" चाललेलं.

ट्रेमध्ये काय होतं ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं.

यंत्राला तेव्हा नवं पातं लावलेलं होतं. ते कधी काढलं ते आठवत नाही. ते पातं केसाला उभं चिरतं. मी त्याच्या दंडावर ओढलं आणि शर्ट, कातडी, मांस एकदमच उघडलं. दांडा पडला. तो आश्चर्याने हाताकडे बघत राहिला, आणि रक्त यायला एक क्षण लागतो ना, त्या एका क्षणात मी त्याला भिंतीला दाबलं आणि पातं त्याच्या गळ्याला लावलं. माझी उंची त्याच्या खांद्याएवढी. पण त्या वेळी मी त्याला कापलं असतं. उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही, खरंच कापलं असतं. हात तयार होता, आणि मला बरं वाटत होतं.

"खाली बघ," मी म्हणाले. "तुझ्या बुटाखाली बघ, मुडद्या. तुझी आई आहे ती."

"काय?"

"तिची गाठ. एकच तुकडा होता. तिसऱ्यांदा कापायला घेतला होता मी. त्याच्यावर नाचलास तू."

त्याने पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून राहिला, एका पायावर. दंडातून रक्त बोटांवरून टपकत होतं. एवढा मोठा माणूस, पण पाय खाली ठेवायची हिंमत होईना.

पोटाला हात लावून मामा उठले आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "हलू नको," एवढंच म्हणाले आणि बुटाची नाडी सोडली. ज्याने पोटात लाथ घातली त्याचाच बूट मामांनी असा अलगद काढला, जणू झोपलेल्या माणसाचा काढतायत. पोलीस आले आणि वेल्डरला घेऊन गेले तेव्हा त्याच्या एकाच पायात बूट होता.

जमिनीवरचं काहीच कामाचं राहिलं नव्हतं. पाणी, रंग, काचा, रक्त, सगळ्याचा चिखल झाला होता. तो सगळा मी चाळणीतून गाळला, हाती मेणाचा भुगा आला. उरला बूट. तळव्याला खोल खाचा होत्या. सरांचा हात गळ्यात बांधलेला, माझ्या छातीला पट्टा, आणि आम्ही दोघं दिव्याखाली तो बूट उलटा ठेवून चिमट्याने एकेक खाच साफ करत होतो. खडी निघाली, लोखंडाचा कीस निघाला, कुणीतरी थुंकलेलं च्युइंगगम निघालं. आणि दोन कण निघाले मेणात रुतलेले, तिळापेक्षा जरासे मोठे. एक टाचेच्या खाचेत, एक चवड्याच्या.

दोन ब्लॉक, दोन कण. कुठला कुणाचा?

साध्या रंगात दोन्ही सारखेच दिसले. दोन्ही पिशवीचेच कॅन्सर, दोन्ही चांगले शाबूत, पण नाव कुणावर लिहिलेलं नव्हतं. रजिस्टरमध्ये नमुना कुठून आला असा रकाना असतो. त्यात मामांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "उजव्या पायाचा बूट." आणि खाली दोन काचांची नावं, टाच आणि चवडा. मला हसू आलं आणि बरगडीतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं.

नवी बाटली मागवली. या वेळी ती मी स्वतः फ्रीजमध्ये ठेवली आणि रोज तीनदा बघितली. उसन्या सूक्ष्मदर्शकाखाली काचा गेल्या. टाचेवर शिंतोडे होते, गडद-फिके-कोरे, चांगली जात. चवडा पांढराफटक, आणि शेजारचा साक्षीदार छान तपकिरी. वाईट जात, शंकाच नाही.

सोमवारी मावशी आल्या. जामिनावर सुटलेल्या पोराचं मनगट धरून आल्या, चाळिशीतल्या बाप्याला शाळेत सोडायला आणावं तशा. त्याच्या दंडाला सतरा टाके होते. मावशी सरांच्या प्लास्टरकडे बघत राहिल्या, मग माझ्या डोक्यावरच्या केस गेलेल्या जागेकडे. पोराला म्हणाल्या, "पाया पड." तो पडला. मी पाय मागे घेतले.

मावशी म्हणाल्या, "ह्याचा बाप असाच होता. घरात एक कपबशी धड राहिली नाही. मला वाटलं हा तसा नाही." आणि माझ्याकडे वळून, "पोरी, तुझी काही चूक नसताना मार खाल्लास."

ओठांपर्यंत आलं होतं. बाटलीचं. मी गिळलं.

सरांनी त्यांना टाच आणि चवडा दोन्ही समजावून सांगितलं. वेल्डर पटकन म्हणाला, "मग टाच आमची लिहा ना, साहेब. कोण विचारतंय?"

"असं नाही लिहिता येत हो."

"मग कळणार कसं?"

"दुसऱ्या बाईंची पिशवी मोठी होती, त्यांचे आणखी अकरा ब्लॉक कपाटात वाचलेत. त्यातला एक रंगवतो. तो टाचेसारखा निघाला तर टाच त्यांची. चवड्यासारखा निघाला तर चवडा त्यांचा."

वेल्डरने हिशेब करायला वेळ लावला नाही. "म्हणजे तिचं वाईट निघालं, तर आमचं चांगलं."

सरांनी चष्मा काढला, डाव्या हाताने पुसायला गेले, जमेना. "हो," ते म्हणाले. "तसंच."

"असलं मागायचं नाही," मावशी म्हणाल्या. पण मी त्याचं तोंड बघितलं. तो तिथे बसल्या बसल्या मागायला लागला होता.

आता कंडक्टरबाईंचं सांगते. वय अडतीस, बसवर कंडक्टर, आवाज असा की तीन थांबे आधीच बस थांबावी. ड्यूटी संपली की खाकी कपड्यांतच यायच्या. त्या आणि मावशी पाच आठवडे आमच्या बाहेरच्या बाकावर शेजारी बसून रिपोर्टची वाट बघत होत्या आणि त्यांची चांगली गट्टी जमली होती. मावशींनी त्यांच्या गणवेशाची उसवलेली बगल शिवून दिली होती, अंगावर असतानाच. पण बुटातली दुसरी कोण, हे मावशींना माहीत नव्हतं. कंडक्टरबाईंना माहीत होतं फक्त एवढंच, की आपल्या एका ब्लॉकचा चुराडा झालाय आणि बुटात कुणा दुसऱ्या बाईबरोबर सरमिसळ झालीय. तेवढं मला सांगावं लागलं होतं.

मला वाटलं शिव्या घालतील. त्या खो खो हसल्या. "म्हणजे माझी गाठ कुणाच्या तरी बुटातून विनातिकीट प्रवास करून आली! दंड लावा हो तिला." मग गंभीर होऊन सगळं खोदून खोदून विचारलं. साक्षीदाराचं तर त्यांना फारच आवडलं. "कोर्टात असतो तसा? फितूर नाही ना होत?"

"होतो कधीकधी," मी म्हणाले. "तेव्हा काच फेकून देतो."

"हे बरं आहे. आमच्याकडे खोटं बोलणाऱ्याला फेकून देत नाहीत, इन्स्पेक्टर करतात."

त्यांना घरी सहा वर्षांची जुळी होती. हे मला त्यांनी नाही, मावशींनी सांगितलं होतं.

बुधवारी मी त्यांचा दुसरा ब्लॉक कापला. कुकर लावला, वेळ धरली, रंग दिला. मामा शेजारी उभे राहून श्वास रोखून बघत होते. सर यायच्या आधी मी काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली. खरं तर ते माझं काम नाही, माझं काम कापायचं. पण राहवेना.

पांढरंफटक. गाठ सगळीच्या सगळी कोरी. आणि टोकाला साक्षीदार, तपकिरी, ठसठशीत.

आणि मी काय म्हणाले माहितीये? "सुटले." अगदी मोठ्याने नाही, पण ओठ हलले. मावशींचा अर्धा तुकडा माझ्या चुकीने गेला होता, माझ्या तोंडाने उरलेला गेला होता, आणि आता ते सगळं भरून निघालं होतं. मावशींना केमो नको. मी सुटले. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. मग मला ती जुळी आठवली, आणि मी स्टुलावरून उठलेच नाही.

दुपारी सरांनी मावशींना आणि वेल्डरला आत बोलावलं. दार लावलं. कंडक्टरबाई बाहेर बाकावर आल्या होत्या, नंबर त्यांचा पुढचा. "काय सुरीबाई, तोंड का पाडलंय? बरगडी दुखते का?" मी काचा पुसत असल्यासारखं केलं.

दार धाडकन उघडलं. वेल्डर बाहेर आला तो फोन कानाला लावूनच. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू, आणि आवाज दांडा घेऊन आला होता त्या दिवशीपेक्षाही मोठा. "अगं, आई सुटली! सुटली आपली आई! दुसरीचं वाईट निघालं! हो, दुसरीचं निघालं वाईट, आपलं चांगलं!" आणि आनंदाने त्याने बाकाच्या पाठीवर थाप मारली. बरोबर कंडक्टरबाईंच्या खांद्याशेजारी.

त्या गुरुवारी त्याने लॅब फोडली, सरांचा हात मोडला, मामांच्या पोटात लाथ घातली. पण त्याने मारलेला सगळ्यात मोठा घाव हा होता. आणि या वेळी त्याच्या हातात काहीसुद्धा नव्हतं.

कंडक्टरबाई हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघायला हवं होतं, पण नाही बघितलं, आणि त्यांना कळलं.

मागून मावशी बाहेर आल्या. त्यांनी पोराचं बोलणं ऐकलं होतं, बाकावर कोण बसलंय ते बघितलं, माझं तोंड बघितलं. त्यांनाही कळलं. त्यांनी वाकून पायातली चप्पल काढली. अर्धमेल्या हृदयाची बाई, जिन्यात दोनदा थांबणारी. पहिला फटका त्याच्या तोंडावर बसला आणि फोन उडाला. "दुसरीच्या मरणावर नाचतोस?" दुसरा कानावर. "नाचतोस? परत नाचतोस?" तो मागे सरकत भिंतीला लागला, हात वर न करता, आणि त्या मारत राहिल्या, टाक्यांवर, डोक्यावर, जिथे बसेल तिथे. दंडातून परत रक्त यायला लागलं. चपलेचा अंगठा तुटला तरी थांबेनात. मामा पुढे झाले, सरांनी त्यांना अडवलं. मला वाटत होतं, दोन मलाही हाणाव्या. फक्त मावशींना माहीत नव्हतं मी काय केलंय ते.

शेवटी श्वास संपला म्हणून त्या थांबल्या. ओठ निळे पडलेले. तुटकी चप्पल हातात घेऊन बाकावर कंडक्टरबाईंच्या शेजारी बसल्या. त्यांचा हात हातात घ्यायला गेल्या, पण कंडक्टरबाईंनी हात काढून घेतला. रागाने नाही. दोन्ही हातांनी त्यांनी बाकाची कड धरली.

मग कंडक्टरबाई बोलल्या, हळू, त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"सुरीबाई, माझी काच तुम्हीच कापलीत ना?"

"हो."

"सगळीच कोरी आली?"

"हो."

"कधीकधी तुमच्याकडून पण चूक होते ना? बाटली खराब असते, कुकर नीट बसत नाही. तुम्हीच सांगितलं होतंत." त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या, की आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण दुसऱ्या कुणासाठी खोटं बोलावं. "तो साक्षीदार. तो रंगला होता का?"

"रंगला होता," मी म्हणाले. "छान रंगला होता."